महामाया इंगळेची यादी

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला खामगावच्या वृंदा अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून धूर निघाला. अग्निशमनवाल्यांनी दार तोडलं तेव्हा आत महामाया इंगळे बाथरूमच्या फरशीवर मरून पडलेली होती. वय सव्वीस, एका खासगी दवाखान्यात नर्स, नुकतीच रात्रपाळी करून आलेली. पलंगाच्या जळक्या स्प्रिंगांवर एक इस्त्री सापडली आणि दुपार व्हायच्या आत गावानं निकाल लावून टाकला: पोरगी इस्त्री चालू ठेवून आंघोळीला गेली, दुसरं काय.

आठव्या दिवशी सबीहा काझी बुलढाण्याहून तिथं पोचली. ती विमा कंपन्यांसाठी काम करणारी सर्व्हेअर. आग लागली की जायचं, काय जळलं, कोणाचं जळलं आणि कशानं जळलं ते पाहायचं आणि लिहून द्यायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. जळक्या घराच्या वासाची तिला कधीच किळस आली नाही. किळस यायची ती आगीनंतर लोक ज्या याद्या करून आणतात त्यांची.

या वेळी याद्या तीन होत्या. एकाच आगीवर तीन क्लेम, आणि तिन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या, एकाच एजंटनं दिलेल्या. पहिली सोसायटीची: इमारतीच्या बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट. दुसरी फ्लॅटचे मालक गुलाबराव मानकर यांची: आतल्या भिंती, फरशी, दारं, नळ. तिसरी महामायाची. भाड्यानं राहणाऱ्या बहुतेकांना वाटतं की घरमालकाच्या विम्यात आपलंही सामान आलंच. ते येत नाही. मालकाचा विमा मालकाच्या वस्तूंपाशी थांबतो, भाडेकरूची गादी त्यात नसते. महामायाला हे कळलेलं होतं. आगीच्या तीन आठवडे आधी तिनं आपल्या सामानाची छोटीशी पॉलिसी घेतली होती.

जिन्यातच सोसायटीचे सेक्रेटरी हरिओम टिकार भेटले. त्यांनी आपली यादी पुढं केली. धूर फक्त दुसऱ्या मजल्यावर पसरला होता, पण यादीत खालपासून वरपर्यंत अख्ख्या जिन्याचा रंग होता आणि लिफ्टची मोटारही होती. सबीहा मोटार पाहायला गच्चीवर गेली. मोटारीवर बोटभर धूळ आणि तिच्यावर कोळ्याचं न तुटलेलं जाळं. वर्षभर तरी ती फिरली नव्हती. टिकारांनी हळू आवाजात सांगितलं की एकट्या मुलींना भाड्यानं ठेवू नका असं त्यांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. सबीहानं मोटारीचा फोटो काढला आणि खाली आली.

फ्लॅटचं कुलूप गुलाबरावांनी उघडलं. ते बरोबर खालच्या, पहिल्या मजल्यावर राहायचे. बाजारात त्यांचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं. आग लागली त्या सकाळी आपण वर पाऊलही टाकलं नव्हतं, हे त्यांनी न विचारता सांगितलं. धुराचा वास आला म्हणून पळालो, जादा किल्ली घाईत सापडली नाही, म्हणून फायर ब्रिगेडला फोन केला. फ्लॅट तीन दिवस पोलिसांच्या कुलपात होता. नंतर किल्ली त्यांच्या हातात आली.

समोरची खोली सगळी जळाली होती. बाथरूममध्ये आग पोचली नव्हती, धूर मात्र भरभरून शिरला होता. फरशा, नळ, छत, सगळ्यांवर काजळीचा जाड थर. वरचा झरोका विटांनी बुजवलेला; त्यामागच्या मोकळ्या जागेत रचलेले नवे पाइप तिला जिन्याच्या खिडकीतून दिसले होते. बाथरूमचं दार धड होतं, पण आतली कडी लागलेल्या स्थितीत बाहेर आलेली होती आणि चौकटीतला कोयंडा उपटून निघाला होता. कोयंडा निघाला तिथं लाकूड फाटलं होतं. सबीहानं त्या फाटीत बोट घातलं. बोट काळं झालं.

मग तिचं लक्ष आरशाकडे गेलं. नळाच्या वर, डोक्याच्या उंचीला, मोठा आरसा टांगलेला होता. सगळी खोली काळी असताना तो लखलखत होता.

तिनं तो खिळ्यावरून उतरवला. मागं फरशीचा एक चौकोन होता, दोन वीत रुंद आणि तीन वीत उंच, दुधासारखा पांढरा. चारी कोपऱ्यांना चार भोकं होती.

२

गुलाबराव दारातच उभे होते. तिथं मुलीचं औषधांचं कपाट होतं, ते तिनं दिवाळीतच काढून नेलं, भिंत बरी दिसावी म्हणून आता आरसा लावला, असं ते म्हणाले. इतकं बोलून त्यांचे डोळे भरून आले. पोटच्या पोरीसारखी होती म्हणाले.

सबीहानं त्यांची यादी मागितली. तीन पानं होती. दुकानदार माणूस, त्यांनी एकही वस्तू सोडली नव्हती. नळ, शॉवर, साबणदाणी, टॉवेलची दांडी, कमोडचं झाकण, बाथरूमच्या जाळीचा तुकडा. काही काळ भाडं बुडणार, त्याचीही मागणी होती. सबीहानं बाथरूमचं पान दोनदा वाचलं.

खाली घरात त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, चहा ठेवला. पन्नाशीची, चेहऱ्यावर काहीच न दिसू देणारी बाई. गुलाबरावांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि खिशाला धोब्याच्या खुणेचा धागा तसाच राहिला होता. त्यांना एकच विचारायचं होतं. मुलीच्या हलगर्जीपणानं घर जळालं, तर तिच्या माहेराकडून भरपाई मागता येईल की नाही. विमा मिळेल तो मिळेल, पण न्याय म्हणून.

"तिचा भाऊ शेती करते जानेफळले," ते म्हणाले. "जमीन हाये त्यायची. नोटीस देली तं चालन ना?"

सबीहानं चहा तसाच ठेवला.

जिना उतरताना कंपनीतल्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांना घाई होती. पॉलिसी तीन आठवड्यांची, त्यात अपघाती मृत्यूची रक्कमही जोडलेली, आणि वारस म्हणून भावाचं नाव. मॅडम, हा योगायोग वाटतो का तुम्हाला? नाहीतर सरळ निष्काळजीपणा लिहा आणि मोकळ्या व्हा.

घरच्या विम्यात माणसाची चूक पोटात घेतलेली असते, सबीहानं त्यांना सांगितलं. दूध उतू जातं, इस्त्री राहून जाते, त्यासाठीच तर लोक विमा काढतात. पैसे बुडतात ते मुद्दाम केलेल्या कामानं. मग मुद्दाम केलेलं काही सापडतं का ते पाहा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फाटकाबाहेर तिच्या गाडीला टेकून एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. हातात रिकामी पिशवी होती. तिला पाहताच तो सरळ झाला.

"म्या धम्मरत्न इंगळे," तो म्हणाला. "महामायाचा भाऊ. एजंट म्हने, तुमाले माह्यावर संशय हाये."

३

तो तिसऱ्यांदा आला होता. बहिणीचं सामान, उरलं असेल ते, न्यायला. तिन्ही वेळा गुलाबरावांनी त्याला फाटकातून परत पाठवलं होतं. आज मात्र त्याला बोलायचं होतं, आणि तो बोलला तेव्हा सबीहाला दिसलं की रडून झालेला माणूस कसा असतो.

आगीच्या सकाळी तो जानेफळलाच होता, तुरीला पाणी देत होता, शेजारचे दोघं बरोबर होते. पॉलिसीत आपलं नाव आहे हेही त्याला एजंटकडून बहीण गेल्यावर समजलं. नर्सच्या कामात रोज कोणाचं तरी घर अचानक बुडालेलं दिसतं, म्हणून तिनं घेतली असणार.

"मले पैसे नाई पाह्यजे," तो म्हणाला. "पन लोकं म्हन्तात तिनं इस्त्री चालू ठेवली. ते मले खपत नाई. गॅस बंद केला का नाई, हे पाह्याले अर्ध्या रस्त्यातून मांगं येणारी पोरगी होती ते."

सबीहानं त्याच्यासमोरच एजंटला, संघपालला, फोन लावला. पॉलिसी देताना सामानाची यादी घेतली होती का? घेतली होती. संघपाल म्हणाला की लोक अशी यादी तोंडी सांगून उरकतात, या मुलीनं मात्र वहीच्या पानांवर लिहून दिली आणि एकेका वस्तूचा फोटोही पाठवला. दहा मिनिटांत सगळं सबीहाच्या मोबाइलवर आलं.

अक्षर गोल आणि सरळ होतं. गादी एक, लोखंडी पलंग एक, पंखा एक, बुद्धमूर्ती पितळेची एक, नर्सिंगची पुस्तकं अकरा, वॉशिंग मशीन जुनं. फ्रिजपुढं लिहिलं होतं, दादाचा आहे, त्याला विचारून धरावा. कुलरपुढं, पत्रा गंजलेला, किंमत कमी लावावी. आणि शेवटी एक ओळ: गिझर मालकांचा आहे, माझ्या यादीत धरू नये.

बावीस वर्षांत सबीहानं हजारो याद्या वाचल्या होत्या. ज्यात माणूस स्वतःच आपल्या वस्तूची किंमत कमी करा म्हणतो, अशी यादी तिच्या हातात पहिल्यांदा आली होती. आणि ती लिहिणारी आता हलगर्जी ठरली होती. सकाळपासून पाहिलेल्या कागदांचा तिला एकदम असा उबग आला की तिनं मोबाइल क्षणभर उलटा ठेवला.

मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. तीन पानं, एकसष्ट वस्तू. चिमटा होता, विळी होती, पाण्याची बादली होती.

इस्त्री कुठंच नव्हती.

४

फाटकाशेजारी निजामची इस्त्रीची टपरी होती. सबीहा काही न सांगता बाकड्यावर बसली आणि त्याच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलू लागली.

नर्सताई? तिचा युनिफॉर्म दोन वर्षांपासून रोज त्याच्याकडेच यायचा. त्या मंगळवारीही रात्रपाळीवरून आली, साडेआठला कपडे ठेवले, संध्याकाळी नेते म्हणाली. निजामनं फळीवरून एक पुडकं काढलं. दोन पांढरे युनिफॉर्म, घडी घातलेले.

"कोनाले देऊ, समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "घरी इस्त्री असती तं माह्याकडे काऊन आली असती?"

धंदा कसा चालतो, असं तिनं सहज विचारलं. बरा चालतो म्हणाला. एक नवं गिऱ्हाईकही वाढलं. मानकर शेठ. इतकी वर्षं त्यांच्या घरी स्वतःची भारी इस्त्री होती, कधी एक रुमाल आला नाही. आता आठ दिवसांपासून सगळे शर्ट येतात.

सबीहा तिथून परत दुसऱ्या मजल्यावर गेली. महामायाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पुष्पांजली वाकोडे राहायच्या. त्या घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांनी आधी टीव्ही धुरानं बिघडल्याचं सांगितलं, पण बोलता बोलता आतल्या खोलीत तोच टीव्ही चालू होता हे लक्षात येऊन गप्प झाल्या. त्या लाजेनंच असेल, पुढं त्या खरं बोलल्या.

दोन्ही फ्लॅटच्या बाथरूमची भिंत एक होती. त्या सकाळी नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, अर्धा तास तरी. इतकं पाणी कशाला वाया घालवते, असं त्यांच्या मनात आलं. मग काहीतरी जोरात आपटल्यासारखा आवाज झाला. लगेच पाणी बंद झालं. धुराचा वास त्यानंतर आला, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नाही आणि मानकरांशी रोजचा शेजार होता.

सबीहानं फायर ब्रिगेडच्या माणसाला फोनवर एकच प्रश्न केला. बाथरूमचं दार तुम्ही तोडलं का? नाही, तो म्हणाला. आम्ही फक्त बाहेरचं दार तोडलं. आतलं ढकललेलं होतं, आपोआप उघडलं. धुरात दिसत काही नव्हतं, मुलीला उचलून बाहेर आणलं.

ती गाडीत जाऊन बसली आणि मोबाइलवर वॉशिंग मशीनचा फोटो मोठा केला. मशीन बाथरूममध्ये ठेवलेलं होतं. फोटोच्या कडेला, नळाच्या वर, आता आरसा होता त्या जागी भिंतीवर एक पांढरा डबा होता. खाली निळी ज्योत दिसावी म्हणून काचेची छोटी खिडकी आणि बाजूनं जाणारी गॅसची नळी.

आता सगळं जुळत होतं, एक गोष्ट सोडून. तिनं फाइलमधून शवविच्छेदनाचा अहवाल काढला. सकाळी तो वाचताना तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मृत्यू गुदमरून. रक्तात विषारी वायू. श्वासनलिकेत काजळीचे कण.

ती शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. तिच्याखाली पेनानं रेघ ओढली. मग अहवाल फाइलमध्ये ठेवून तिनं गाडी पोलीस ठाण्याकडे वळवली.

५

दुपारी ती ठाणेदारांना भेटली आणि जे होतं ते त्यांच्या टेबलावर मांडलं. चार वाजता ते तिच्याबरोबर वृंदा अपार्टमेंटमध्ये आले. गुलाबरावांना वर बोलावलं. नुकसानीची शेवटची मोजणी आहे असं समजून ते पेन घेऊन आले.

सबीहा त्यांना बाथरूमच्या दाराशी घेऊन गेली.

"हे लाकूड पाहा," ती म्हणाली. "दार आगीनंतर तुटलं असतं, तर फाटलेला भाग आतून पांढरा राहिला असता. तो काळा आहे. म्हणजे धूर यायच्या आधी कोणीतरी ही कडी तोडली."

मग तिनं आरसा उतरवला.

"आणि हे पांढरं आहे. कपाट दिवाळीत निघालं असतं, तर इथंही काजळी बसली असती. म्हणजे धूर भरला तेव्हा इथं काहीतरी टांगलेलं होतं आणि ते नंतर काढलं. किल्ली पाच दिवसांपासून तुमच्याकडे आहे."

तिनं मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढं धरला. गुलाबरावांनी तो पाहिला नाही. ते विटांनी बुजवलेल्या झरोक्याकडे पाहत होते.

बाकीचं सबीहानं ठाणेदारांकडे पाहत सांगितलं. गुलाबरावांना झरोक्यामागची जागा दुकानाचे पाइप ठेवायला हवी होती, म्हणून त्यांनी झरोका बुजवला. आत गॅसचा गिझर तसाच ठेवला. बंद खोलीत असा गिझर हवा खातो आणि वास नसलेला विषारी वायू सोडतो. महामाया आंघोळीला गेली आणि गुंगी येऊन पडली. नळ वाहत राहिला. पाणी खालच्या छतातून गळू लागलं असेल, म्हणून मालक किल्ली घेऊन वर आले. कडी तोडली, मुलगी पडलेली पाहिली, नळ बंद केला. तो नळ पडलेली मुलगी बंद करू शकत नव्हती. मग झरोका आणि गिझर पाहून त्यांना समजलं की याचा जाब आपल्याला द्यावा लागणार. ते खाली गेले, घरची इस्त्री आणली, गादीवर ठेवून चालू केली आणि दार ओढून घेतलं. बाहेरचं कुलूप ओढलं की लागतं. ज्या माणसानं साबणदाणीही यादीत सोडली नाही, त्याच्या यादीत स्वतःच्या मालकीचा गिझर मात्र नव्हता.

गुलाबरावांनी झरोक्यावरची नजर काढली. मग खालच्या आवाजात, समजूत घालावी तसे बोलले.

"पोरगी मेलेलीच होती, म्याडम. म्या हात लावून पाह्यला. गेलेल्या मानसाचं म्या काय बिघडवलं? माह्यं घर वाचवलं, इतकंच."

"ती श्वास घेत होती," सबीहा म्हणाली. "तिच्या श्वासनळीत काजळी सापडली आहे. मेलेला माणूस धूर आत ओढत नाही. तिला उचलून फक्त गॅलरीत नेलं असतं, तरी कदाचित वाचली असती."

गुलाबरावांच्या हातातलं पेन खाली पडलं. मले माहीत नव्हतं, मले खरंच माहीत नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या क्षणी सबीहाला वाटलं की निदान एवढं तरी खरं असेल.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाईंचा फोन आला. एकट्याच या म्हणाल्या.

घर झाडलेलं, पुसलेलं होतं. छतावर बाथरूमच्या बाजूला पाण्याचा मोठा पिवळा डाग होता. अन्नपूर्णाबाईंनी सबीहाला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या आणि विचारायची वाट न पाहता सांगू लागल्या.

त्या सकाळी नवरा धावतच वरून खाली आला. इस्त्री कुठं आहे विचारली. त्यांनी दिली. तो परत वर गेला आणि आला. मग दोघं इथंच बसले.

"वरतून खोकल्याचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "दोनदा. म्या म्हटलं, अहो, पोरगी खोकलून राह्यली. हे म्हने, टीव्हीचा आवाज वाढव."

सबीहानं छतावरच्या डागाकडे पाहिलं.

"म्या वाढवला."

बाहेर कोणीतरी भाजीवाल्याला हाक मारत होतं. अन्नपूर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि ज्यासाठी बोलावलं होतं ते विचारलं. फ्लॅट दोघांच्या नावावर होता, पॉलिसीही दोघांच्या नावावर. आग नवऱ्यानं लावली, आपण तर नाही लावली. मग आपल्या अर्ध्या हिश्श्याचा क्लेम तरी मिळेल ना? पोलिसांना खरं सांगितलं म्हणून कंपनी काही विचार करेल ना?

"इस्त्री तुम्ही दिली," सबीहा म्हणाली. "आवाजही तुम्हीच वाढवला. क्लेमचं कंपनी लेखी कळवेल. आता हे सगळं ठाणेदारांपुढं सांगायला चला."

"म्हन्जे भेटन का नाई?"

सबीहा उठली. जिना उतरून ती निजामच्या टपरीपाशी आली आणि त्याच्या माठातलं पाणी घेऊन तिनं हात धुतले, कोपरापर्यंत. पुन्हा घेतलं, पुन्हा धुतले. निजाम पाहत राहिला. मग त्यानं फळीवरचं युनिफॉर्मचं पुडकं काढून तिच्याकडे दिलं.

बाईंचा जबाब ठाण्यात लिहून झाल्यावर सबीहा मेहकरमार्गे जानेफळला गेली. वर्तमानपत्रातून कळायच्या आधी धम्मरत्नाला समजायला हवं होतं. तो तिला गावाबाहेर रस्त्यावरच भेटला. तिनं गाडी थांबवून त्याला सगळं सांगितलं. गिझर, झरोका, इस्त्री. आणि खोकला. काही लपवलं नाही. महामायाच्या क्लेमला आता कोणी हात लावणार नाही, हेही सांगितलं, पण ते त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो तुरीच्या शेताकडे तोंड करून उभा होता.

"आईले हे सांगू नका," शेवटी तो म्हणाला. "कोर्टात निंघन तवा निंघन. आत्ता नको."

घरात रुखमाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सबीहानं पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, युनिफॉर्मवरून हात फिरवला, घडी मोडू दिली नाही. मग वर पाहिलं.

"बाई, तुमी समदं पाह्यलं ना तिथलं? मले एकच सांगा. माही पोर झोपेतच गेली ना? तिले काई समजलं नाई ना?"

धम्मरत्न दारात उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

"हो," सबीहा म्हणाली. "झोपेतच गेली."

रुखमाबाईंनी पुडकं मांडीवर ठेवलं आणि परत शेंगा सोलायला घेतल्या.